सड्यावरचे सहा दिवस

आंबा घाटाच्या तोंडाशी एसटी थांबली, कारण पुढचा रस्ताच दिसेनासा झाला होता. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन, आणि काचेबाहेर सगळं पांढरं. चालकाने दिवे लावले, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. "ढग उतरतोय. तो गेला की आपण," वाहक म्हणाला. कोणी कुरकुरलं नाही. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून असतात तशा गाडीत बायकाच जास्त होत्या. माझ्या शेजारच्या बाईंनी पिशवीतून काकडी काढली, मोडली आणि न विचारता निम्मी माझ्या हातात ठेवली. पाण्याने भरलेली, किंचित कडसर, पावसाळ्यातली काकडी. आम्ही दोघी काही न बोलता ती खात ढग उतरायची वाट बघत राहिलो.

या जागी पावसाचे वाटे होतात. माथ्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी कडवी नदीतून वारणेत, तिथून कृष्णेत जातं आणि सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. चार पावलं पश्चिमेला पडलेलं पाणी काजळी नदीने साखरप्यावरून खाली उतरतं आणि रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत समुद्राला भेटतं. एकाच ढगातलं पाणी, पण एकाला महिनोन् महिन्यांचा प्रवास आणि दुसऱ्याला दोन-चार दिवसांचा. लहानपणी भूगोलात हे पाठ केलं होतं; ते डोळ्यांसमोर होताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ढग खरोखरच उतरला. आमच्या समोरून, रस्त्याच्या कडेवरून, खाली दरीत गेला आणि त्याच्यामागून हिरवी भिंत उघडी पडली, तिच्यावर पांढऱ्या रेघांसारखे धबधबे. मग आम्हीही उतरलो.

मी मुद्रितशोधक आहे. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचते आणि त्यातल्या चुका काढते. अडीच वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. अशा माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा एक बाई यायच्या; रात्रीचे अकरा, एक, तीन आणि पाच माझे. त्याचा कंटाळा आला असं मी म्हणणार नाही. आईचा खांदा आणि कंबर एकाच वेळी धरून तिला वळवायचं, मध्ये उशी सरकवायची, हे माझ्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं की शेवटी शेवटी तिची झोपही मोडत नसे. जूनमध्ये ती गेली. आणि त्यानंतर मला वाचता येईनासं झालं.

म्हणजे अक्षरं ओळखू यायची, शब्द कळायचे, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली असायची. तीच ओळ मी चार-चार वेळा वाचायची. ऑगस्टमध्ये एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या आडनावातला काना गळला. ते पान मीच तपासलं होतं. लेखक मला काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, नावावरून एकदा अंगठा फिरवला आणि ते टेबलावर पालथं ठेवलं. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि सहा दिवसांची पिशवी भरली.

कुठे जायचं हे आधीच ठरलेलं होतं. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या कातळशिल्पांवरचा एक लेख माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीचं माप दिलं होतं: सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद. मी समासात प्रश्नचिन्ह काढून लिहिलं होतं, 'मीटर की फूट?' उत्तर आलं, मीटरच. मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि पुढच्या ओळीवर गेले. एका माणसाने, किंवा काही माणसांनी, दगडाने दगड खोदत अख्ख्या घराएवढा हत्ती काढला, आणि मी ते मीटर बरोबर आहेत ना एवढंच बघून पुढे गेले, हे मला नंतर कितीदा तरी आठवलं होतं.

भाऊ म्हणाला, "एकटी कशाला? मी येतो की." त्याचं मन मोडवत नव्हतं. पण मला काही दिवस कोणाच्याही जेवणाची, झोपेची, औषधाची वेळ माहीत असायला नको होती. तसं त्याला सांगितलं, आणि त्याला ते कळलं.

रत्नागिरीला गाडी बदलून दक्षिणेकडची एसटी घेतली. नकाशात हा रस्ता समुद्राला चिकटून जाताना दिसतो, पण तो समुद्रकाठचा रस्ता नव्हे. इथे सह्याद्रीतून निघालेले डोंगर समुद्रापर्यंत येऊन एकदम कड्यासारखे तुटतात आणि त्यांचे माथे सपाट असतात. त्या सपाटीला सडा म्हणतात. गाडी सड्यावर चढते, वाऱ्यात थोडा वेळ धावते, मग एखाद्या खाडीसाठी वळणं घेत नारळी-पोफळीत उतरते आणि पूल ओलांडला की पुन्हा सड्यावर. पावस मागे पडलं. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीसाठी निम्मी गाडी तिथेच रिकामी झाली. पूर्णगडला मुचकुंदी नदीच्या रुंद, गढूळ मुखावरून पूल गेला. पलीकडे गावखडीची सुरूची बनं. समुद्र दिसायचा, लपायचा. कशेळीला उतरले तेव्हा पाऊस थांबला होता आणि रस्त्याच्या कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यांवर शेवाळ इतकं जाड होतं की बोट आत जात होतं.

राहायची सोय एका घरी होती. रस्त्यापासून पाखाडीच्या पायऱ्या उतरून जायचं, बेडं सरकवायचं, मग अंगण, पडवी, आणि पडवीच्या टोकाला माझी खोली. घरात काका आणि काकू दोघंच, दोघंही सत्तरीच्या पुढे. मुलगा ठाण्याला. पहिल्या संध्याकाळी काकू मला अहोजाहो करत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री न घेता अंगणात उतरले तेव्हा आतून हाक आली, "अगो, भिजशील! एवढी घाई कसली?" तिथून पुढे अगोच.

पहिले दोन दिवस मी झोपले. याहून वेगळं काही केलं असं सांगता येणार नाही. सकाळी मऊ भात, मेतकूट आणि वर घरच्या तुपाची धार. खाऊन झालं की झोप. दुपारी कुळथाचं पिठलं, उकड्या तांदळाचा भात, आठळ्यांची भाजी, आमसुलाचं सार, पुन्हा झोप. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला शेवटचा हप्ता कौलांवर पडत होता. पण रात्री मात्र मी एकला उठायची, तीनला उठायची. उठून बसायची, हात आपोआप पुढे जायचे, आणि मग कळायचं की शेजारी कोणी नाही. बाहेर बेडूक आणि आगरातल्या पऱ्याचा आवाज. मी दिवा लावून बसून राहायची.

काकूंनी विचारलं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी हळदीच्या पानांवर तांदळाचं पीठ थापता थापता म्हणाल्या, "रात्री दिवा दिसला तुझ्या खोलीत." मी सगळं सांगितलं. अकरा, एक, तीन, पाच. त्यांनी पिठावर गूळखोबरं पसरलं, पान दुमडलं, कड दाबली. "माझ्या सासूबाईंना चार वर्षं," त्या म्हणाल्या. "त्या गेल्यावर मी वर्षभर पहाटे चहाचं आधण दोन कपांचं ठेवत असे. हात शिकलेले असतात गो. त्यांना कोण सांगणार?" मग पातोळे मोदकपात्रात गेले आणि घरभर हळदीच्या पानांचा वास पसरला. मी त्या दिवशी पाच पातोळे खाल्ले.

दुपारी उघडीप मिळाली म्हणून कनकादित्याच्या देवळात गेले. सूर्याची देवळं आपल्याकडे फार नाहीत, आणि जी आहेत त्यांतलं हे जुनं. उतरत्या छपराचं, लाकडी खांबांचं, कोकणातल्या देवळांना असते तशी घरपणाची सावली असलेलं देऊळ. आत काळ्या पाषाणाची आदित्याची मूर्ती. गावात सांगतात ती कथा अशी: मूर्ती सौराष्ट्रात प्रभासपट्टणला होती. आक्रमणाच्या भीतीने एका व्यापाऱ्याने ती गलबतात घालून दक्षिणेकडे आणली. कशेळीच्या समोर आल्यावर गलबत अडलं. काही केल्या पुढे जाईना, तेव्हा त्याने मूर्ती कड्यातल्या एका गुहेत ठेवली आणि गलबत चालू झालं. त्या गुहेला अजून 'देवाची खोली' म्हणतात. पुढे गावातल्या कनका नावाच्या कलावंतिणीला दृष्टांत झाला. तिने गावकऱ्यांना घेऊन मूर्ती वर आणली आणि देऊळ उभं राहिलं. म्हणून कनकादित्य.

मला या कथेतली कनका सोडवेना. अशा स्त्रियांची नावं देवळांच्या इतिहासातून सहज पुसली जातात. इथे गावाने तिचं नाव देवाच्या नावाच्या आधी ठेवलं, आणि शतकानुशतकं प्रत्येक आरतीला, प्रत्येक रथसप्तमीच्या उत्सवाला तोंडून आधी तिचंच नाव निघतं. देवस्थानाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट आहे. आठशे वर्षांपलीकडचा मजकूर, ज्याने तो कोरला त्याला खाडाखोडीची सोय नव्हती. मी सभामंडपात खांबाला टेकून बसले. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं, कुठून आलात विचारलं, आणि उत्तर ऐकून पुन्हा आपल्या कामाला लागले. कोणी मला उठवलं नाही.

तिथून देवघळीला चालत गेले. सडा संपतो तिथे कडा तुटतो आणि खाली काळ्या खडकांत समुद्र घुसलेला. पुळण नावापुरती. लाटा घळीत शिरतात तेव्हा आधी आवाज येत नाही; पाणी आत जातं, कुठेतरी दडतं आणि मग खालून एक दणका बसतो, तो पायांना कळतो. पाण्याचा रंग किनाऱ्याजवळ अजून पावसाळी मातकट होता, लांबवर निळा. मासेमारीची बंदी जुलैअखेर संपलेली, त्यामुळे क्षितिजापाशी होड्यांचे ठिपके होते. एक समुद्रगरुड पंख न हलवता कड्याच्या समांतर गेला, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर. मी अंधार पडेपर्यंत बसले. समुद्राबद्दल यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. तो मोठा होता आणि त्याला माझ्याकडून काही नको होतं.

चौथ्या दिवशी सड्यावर गेले, हत्ती बघायला.

आधी जांभ्याबद्दल सांगायला हवं. सड्याचा कातळ जांभ्या दगडाचा. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, त्याचा हा तांबडा, जाळीदार दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, पात्याने चिरे कापता येतात. हवा लागली की हळूहळू कठीण होतो. कोकणातली निम्मी घरं, गडगे, विहिरी याच चिऱ्यांच्या. उन्हाळ्यात सडा बघितलात तर भाजलेल्या भाकरीसारखा करपलेला दिसतो. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात.

त्या दुपारी पोटखराब्यावर पाय कुठे ठेवावा कळत नव्हतं. लांबून नुसती निळसर-जांभळी साय धरल्यासारखी दिसत होती. वाकून बघितलं तेव्हा ती फुलं होती, बोटभर उंचीची, सीतेची आसवं. इतकी नाजूक की माझ्या श्वासाने हलत होती. या झाडाला मातीत खायला फारसं मिळत नाही, म्हणून त्याने मुळाशी पाण्यात बारीक पिशव्या ठेवल्या आहेत. जवळ आलेला सूक्ष्म जीव त्यात ओढला जातो. शेजारी गेंदाची पांढरी बटणं. कातळाच्या खळग्यात साचलेल्या बोटभर पाण्यात बेडकाची पिल्लं, एवढ्याशा पाण्यात त्यांचा सगळा जन्म. कवडीएवढ्या मातीच्या थरावर पिवळा कवला फुललेला. चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि ऑक्टोबरच्या उन्हाच्या आत आवरून घ्यायचं. सत्तावीस वर्षं बारीक टायपात डोळे घातलेली मी, आणि हे सगळं माझ्या चपलेखाली येणार होतं.

हत्ती मात्र दिसला नाही. जागेवर पोचले होते, खुणेच्या दगडापर्यंत. कातळावर खोदलेल्या रेघा दिसत होत्या, काही रुंद, काही बोटभर. त्या कुठून तरी येत होत्या आणि गवतात कुठेतरी जात होत्या. एकीचा दुसरीशी संबंध लागेना. मी एका जागी उभी राहून बघत राहिले आणि तेच झालं जे पानावर होत होतं: एक रेघ धरावी, तिच्या टोकाला जावं, तोवर ती कुठून आली ते विसरलेलं. मग पश्चिमेकडून पाऊस आला. सड्यावर आडोसा नसतो, एक झाडही नाही. पाऊस समुद्रावरून येताना दिसतो, पांढरा पडदा. दोन मिनिटांचा अवकाश मिळतो आणि त्यात करण्यासारखं काही नसतं. छत्री उलटली. मी कातळावर उकिडवी बसले आणि रडले. जूननंतर पहिल्यांदा. दहा-पंधरा मिनिटांत पाऊस गेला. मीही उठून परत आले.

संध्याकाळी पडवीत काकांनी विचारलं, "भेटला का हत्ती?" नाही म्हटल्यावर ते हसले. "भरदुपारी जातात का कोणी? सकाळी लवकर जा. ऊन आडवं असताना रेघा वर येतात." आणि शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला त्यांनी निरोप धाडला.

मुलगा बारावीतला, काटक, पायात काही न घालता चालणारा. पाचव्या दिवशी सकाळी सातच्या आधी आम्ही सड्यावर होतो. त्याने मलाही चपला काढायला लावल्या. रात्री पाऊस झाला होता आणि रेघांत पाणी उभं होतं. पूर्वेकडून ऊन आलं तसं ते पाणी चमकायला लागलं आणि कातळावर कोणीतरी आरशाच्या पट्ट्या बसवल्यासारख्या रेघा उमटल्या.

"मधे उभं राहून नाय दिसत, मावशी," तो म्हणाला. "कडेकडेने चाला. मी सांगतो कुठून."

तो मला एका रेघेच्या टोकाशी घेऊन गेला आणि तिथे सोडून स्वतः लांब जाऊन बसला. मी चालू लागले. ओल्या, खरखरीत कातळावर एक पाऊल, मग दुसरं, डोळे रेघेवर. रेघ वर चढली, लांबत गेली, मग हळूच उतरायला लागली आणि एकाएकी मला कळलं की मी त्याच्या पाठीवरून चालत आले. तिथून पाय. पायापाशी रेघ वळते तिथे खोदणाऱ्याने घाई केलेली नाही. कड अजून नीट लागते बोटाला. पोट. पुढचा पाय. सोंडेशी मी थांबले, मागे वळून बघितलं, आणि सगळा हत्ती जमिनीवर पसरलेला दिसला. सुरुवात निसटली नव्हती. मी जिथून निघाले ते टोक मला दिसत होतं, त्यावर त्या मुलाने माझ्या चपला ठेवल्या होत्या.

मग पुन्हा फिरले, या वेळी आतून. या हत्तीच्या पोटात सत्तरेक आकृत्या आहेत, जमिनीवरचे प्राणी आणि पाण्यातलेही. काही ओळखू येतात, काही नाही. एक मला वागळीसारखी वाटली, रुंद अंग आणि चाबकासारखी शेपूट. ज्याने ती काढली तो समुद्रावर जाणारा असणार, आणि ज्याने हत्ती काढला त्याने हत्ती बघितलेला असणार. उभ्या माणसाला कधीच एका नजरेत न मावणारं चित्र मनात धरून, त्याच चित्राच्या आत बसून त्यांनी ते खोदलं. मापं कशी धरली असतील? दोरीने? पावलांनी? घड्याळ बघितलं तेव्हा दोन तास गेले होते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर अशा शेकडो आकृत्या आहेत. गुराख्यांना, वाटसरूंना त्या माहीत होत्या. कोणी त्यांना पांडवांनी काढलेली चित्रं म्हणत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं गावोगाव पायपीट करून, म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या शोधल्या, मोजल्या, नोंदवल्या. ही कामं मला फार मोठी वाटतात. आकृत्यांत आज कोकणात नसलेला गेंडा आहे, पण शेतीची खूण नाही, आणि म्हणून काही अभ्यासक त्या शेतीच्या आधीच्या माणसांच्या, हजारो वर्षांपूर्वीच्या मानतात. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ अशी नऊ ठिकाणं गेली.

यादीत नाव गेलं म्हणून सडा सुटला असं नाही. चिरेखाणीचं पातं कातळ कापताना त्यावर काय कोरलंय ते बघत नाही. हापूसच्या बागांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडतात आणि बाहेरून आणलेली माती भरतात. आंबा मलाही आवडतो, आणि ज्याच्याकडे सड्याशिवाय जमीन नाही त्या शेतकऱ्याला मी कोणत्या तोंडाने काय सांगू? पण पोटखराबा हा शब्द मला त्या सकाळपासून सहन होत नाही. तो छापून आला तर मी समासात प्रश्नचिन्ह काढीन. बारसूच्या सड्यावर 2023 साली रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावातल्या बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. त्या बातमीची मुद्रितं मी आईच्या अंथरुणाशी बसून तपासली होती, आणि बारसूतला उकार ऱ्हस्व की दीर्घ एवढंच बघितलं होतं.

त्या रात्री काकूंनी काकडीचं धोंडस केलं होतं, केकासारखं तांबूस, कड किंचित लागलेली. जेवून पडवीत बसलो. काका रेडिओवर बातम्या ऐकत पेंगत होते. काकूंनी मला एक जुनं पुस्तक आणून दिलं, मुलाच्या शाळेच्या वेळचं, कव्हर नसलेलं, कसर लागलेलं. मी दिव्याखाली बसून त्यातली एक गोष्ट वाचली. अकरा पानं. मध्ये एका ठिकाणी 'कि' ऱ्हस्व पडला होता, तो दिसला. दिवा मालवला त्यानंतरचं मला आठवतं ते थेट उजाडल्यावर विहिरीवरच्या रहाटाचा कुईकुई आवाज.

सहाव्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी तो मुलगा बेड्यापाशी उभा, हातात हिराचे दोन खराटे. "येताय का? पाऊस ओसरला की आम्ही पोरं साफ करतो. रेघांत माती बसते." काकूंनी एका फडक्यात पोहे बांधून दिले आणि म्हणाल्या, "गाडी साडेबाराची. विसरून बसू नकोस तिकडे."

सड्यावर कोणी नव्हतं. टिटवी आमच्यावर ओरडून लांब गेली. त्याने मला मागचा पाय दिला आणि स्वतः सोंडेकडे गेला. खराटा हलक्या हाताने रेघेतून ओढायचा, माती बाजूला करायची, कड खरवडायची नाही. मी वाकून कामाला लागले. गाळ, शेवाळाचे तुकडे, एक मेलेला खेकडा. हातभर रेघ मोकळी झाली की तांबडा कातळ ओला, स्वच्छ दिसायचा आणि त्यावर छिन्नीच्या, किंवा जे काही हत्यार असेल त्याच्या, बारीक खुणा. टाचेच्या वळणापाशी मात्र थांबावं लागलं. तिथे रेघेतल्याच मातीत गेंद उगवला होता, पंधरा-वीस फुलं, रेघेच्या आकारात ओळीने उभी. मी खराटा उचलून धरला आणि त्याला हाक मारली.

तो आला, वाकून बघितलं. "राहू दे, मावशी," म्हणाला. "बी पडलं की सुकतील. दिवाळीच्या सुट्टीत मी झाडतो तेवढं."

मी फुलांच्या पलीकडे गेले आणि पुढची रेघ झाडायला घेतली.